तुला हे कुणी सांगितलं?

माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मला सगळ्यात जास्त घाम फोडणारा प्रश्न गणिताचा नव्हता. परीक्षकांनी प्रबंधाचं संदर्भसूचीचं पान उघडलं, पेन्सिलीचं टोक एका ओळीवर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हा लेख तुम्ही पाहिलाय?"

तो एक जुना जर्मन निबंध होता. त्यातलं एक सूत्र मी वापरलं होतं. मला जर्मन येत नाही. सूत्र उचललं होतं एका पाठ्यपुस्तकातून, आणि पाठ्यपुस्तकानं तळाशी मूळ निबंधाचं नाव दिलं होतं म्हणून मीही तेच नाव दिलं. खंड, वर्ष, पानं सगळं नियमाप्रमाणे. स्वल्पविरामसुद्धा चुकला नव्हता!

"नाही," मी म्हणालो.

"मग हे नाव इथे काय करतंय?"

डिग्री मिळाली, पण दुरुस्त्यांच्या यादीत हा मुद्दा पहिला होता. निबंध ग्रंथालयातून मागवला आणि एका जर्मन मित्राला दोनदा जेवू घालून त्याच्याकडून वाचून घेतला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हे प्रयोग गोड्या पाण्यावर केलेले आहेत. पाठ्यपुस्तकात येता येता ती अट गळली होती, आणि माझं सगळं काम होतं खाऱ्या पाण्यावर. काही आकडे पुन्हा काढावे लागले, एक आलेख बदलावा लागला. मुख्य निष्कर्ष टिकला, तो नशिबानं. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आता सौदी अरेबियात, जेद्दाहच्या उत्तरेला थुवल नावाच्या गावाजवळ समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या संशोधनात आहे. इथे २००९ साली किंग अब्दुल्ला विद्यापीठ सुरू झालं आणि कोळ्यांच्या या गावाशेजारी जगभरची मुलं शिकायला येऊ लागली. प्रबंध लिहायची वेळ आली की सगळ्यांचे प्रश्न तेच. पुस्तकाचा संदर्भ कसा द्यायचा? वेबपानाचा? प्राध्यापक जेवताना काही बोलले, त्याचा? आणि जे मूळ वाचलंच नाही, दुसऱ्याच्या लेखात पाहिलं, त्याचा? एकदा असाच विषय निघाला असताना मी धीर करून त्या जर्मन निबंधाची गोष्ट सांगून टाकली. समोर एक सहकारी बसला होता, मूळचा मदिनेचा. तो हसून म्हणाला, "आमच्या जुन्या लोकांनी तुला एका शब्दावरून पकडलं असतं. तुला मिळालं होतं 'विजादा'नं आणि तू लिहिलंस 'हद्दसना'."

म्हणजे काय, हे समजून घेण्यात माझ्या बऱ्याच सुट्ट्या गेल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. मी काही धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. मी बघतोय ती पद्धत, इंजिनियरच्या नजरेनं.

सुरुवात एका आपल्याच शब्दापासून करू. सनद. पेशवाईच्या कागदांतली इनामाची सनद, वकिलाची सनद, सनदी अधिकारी, सनदशीर मार्ग. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबीत 'सनद' म्हणजे आधार, ज्याला पाठ टेकता येते ते. त्याच धातूपासून 'इस्नाद' होतो, आणि इस्नाद म्हणजे एखादं वचन कुणाकडून कुणाकडे आणि शेवटी आपल्यापर्यंत कसं आलं त्या माणसांची साखळी. 'अमक्याच्या हवाल्यानं' म्हणताना आपण वापरतो तो हवालाही अरबी. म्हणजे संदर्भ द्यायची ही भाषा आपल्या तोंडात आधीपासून आहेच, फक्त तिची जन्मकथा आपल्याला माहीत नसते.

ती जन्मकथा साधारण अशी. पैगंबर मुहंमद ६३२ साली मदिनेत वारले. ते काय बोलले, कसे वागले याच्या आठवणी त्यांच्या सोबत्यांकडे होत्या. अशा एकेका आठवणीला 'हदीस' म्हणतात. सोबत्यांनी त्या पुढच्या पिढीला सांगितल्या, त्यांनी त्यांच्या पुढच्या. बराचसा व्यवहार तोंडीच होता, काही जण स्वतःपुरती टिपणं ठेवत. पण ६५६ साली तिसरे खलिफा उस्मान यांची मदिनेतच हत्या झाली आणि पुढे यादवी माजली. गट पडले, आणि ज्याला त्याला आपल्या बाजूनं पैगंबरांचं एखादं वचन हवंसं वाटू लागलं. मग काय, वचनं तयारही होऊ लागली!

बसऱ्याचे एक विद्वान होते, मुहंमद इब्न सिरीन. सुमारे ७२९ साली वारले. त्यांच्या नावावर एक निरीक्षण सांगितलं जातं: आधी लोक साखळी विचारत नसत, यादवीनंतर मात्र विचारू लागले, तुमची माणसं कोण ते सांगा. मला यातली गंमत अशी वाटते की संदर्भ देण्याची शिस्त कुणा ग्रंथपालाच्या नीटनेटकेपणातून आली नाही. ती भांडणातून आली, फसवलं जाण्याच्या भीतीतून आली. 'तुला हे कुणी सांगितलं?' हा प्रश्न विश्वास उडाल्यावरच विचारला जातो.

मग हदीसचे दोन भाग झाले. आधी इस्नाद, म्हणजे साखळी, आणि नंतर 'मत्न', म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांच्या 'मुवत्ता' या ग्रंथात अशी साखळी वारंवार येते: मालिक, त्यांना नाफिअ यांच्याकडून, नाफिअना इब्न उमर यांच्याकडून. इब्न उमर हे पैगंबरांचे सोबती आणि दुसऱ्या खलिफांचे चिरंजीव. नाफिअ हा त्यांचा मुक्त केलेला गुलाम. या साखळीला पुढे 'सोन्याची साखळी' म्हणू लागले. त्या साखळीतली मधली कडी एक पूर्वीचा गुलाम आहे, हे लक्षात घ्या. कूळ नाही बघितलं, स्मरणशक्ती आणि सचोटी बघितली.

साखळी जितकी लहान तितकी चांगली. मधली माणसं कमी म्हणजे चुकीच्या जागा कमी. त्यासाठी लोक काय काय करत! मदिनेचे जाबिर इब्न अब्दुल्ला हे स्वतः पैगंबरांचे सोबती. तरीही आपण न ऐकलेलं एक वचन दुसऱ्या एका सोबत्याला माहीत आहे असं कानावर आल्यावर त्यांनी उंट विकत घेतला आणि महिनाभराचा प्रवास करून सीरिया गाठलं, असं परंपरा सांगते. एका वचनासाठी! ऐकीव माहिती त्यांच्याकडे आधीच आली होती. त्यांना ती मूळ माणसाच्या तोंडून हवी होती. आणि मला एक निबंध मागवायचा कंटाळा आला होता, तोही घरबसल्या.

आता त्या 'विजादा'कडे येऊ. शतकं गेली, वह्या आल्या, ग्रंथ आले. मग प्रश्न असा की एखाद्याला मजकूर मिळाला तो नेमका कसा? गुरूच्या तोंडून की नुसत्या कागदावरून? १२४५ साली दमास्कसमध्ये वारलेले इब्न अस-सलाह यांच्या ग्रंथात याचे आठ प्रकार नीट लावलेले आहेत.

पहिला समाअ: गुरू सांगतो, शिष्य ऐकतो. दुसरा किराअत: शिष्य वाचून दाखवतो, गुरू ऐकून चुका सुधारतो. तिसरा इजाझा, म्हणजे आपली 'इजाजत': प्रत्यक्ष पठण न होता गुरू परवानगी देतो की माझ्या नावानं हे सांग. चौथा मुनावला: गुरू आपली वही हातात देतो. पाचवा पत्रानं. सहाव्यात गुरू एवढंच सांगतो की हा ग्रंथ मी अमक्याकडून ऐकलाय, परवानगीचं काही बोलत नाही. सातवा वसिय्या, आपली वसियत: मरताना किंवा प्रवासाला निघताना ग्रंथ एखाद्याच्या नावे ठेवणं. आणि आठवा, सगळ्यात शेवटचा, विजादा: कुणाचं तरी लिखाण नुसतं सापडणं.

या प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे, आणि खरी करामत तिथे आहे. 'हद्दसना' म्हणजे 'त्यांनी आम्हाला सांगितलं'. हे ज्यानं कानानं ऐकलं त्यानंच म्हणायचं. वाचून दाखवलं असेल तर पुष्कळ जण 'अख्बरना' म्हणत. आणि नुसतं सापडलं असेल तर प्रामाणिकपणे म्हणायचं 'वजद्तु', म्हणजे 'मला अमक्याच्या हस्ताक्षरात हे सापडलं'. सापडलेलं वापरायला बंदी नव्हती. पण सापडलेलं 'ऐकलं' म्हणून खपवायला होती.

ही चलाखी करणारे होतेच. त्यांच्या चलाखीलाही नाव आहे: तदलीस. एखादा रावी (सांगणारा) आपल्या ओळखीच्या गुरूचं नाव घेतो, पण हे विशिष्ट वचन त्याच्याकडून ऐकलेलं नसतं. मधल्या एका कच्च्या माणसाकडून आलेलं असतं. मग तो 'हद्दसना' न म्हणता नुसतं 'अन' म्हणतो, अन म्हणजे '-कडून'. खोटं तर बोललो नाही, पण ऐकणाऱ्याचा समज व्हावा की थेट ऐकलंय. मधला माणूस गायब! यात सवयीचे कोण, त्यांची नावं पुढच्या विद्वानांनी याद्या करून ठेवली. हे वाचताना मला माझा जर्मन निबंध आठवला. मधलं पाठ्यपुस्तक मी गायब केलं होतं. साध्या मराठीत, मी तदलीस केली होती.

साखळी आली की कड्या तपासणं आलं. त्यातून माणसांच्या चरित्रांचं एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. कोण कधी जन्मला, कुठे राहिला, कुणाकडे शिकला, म्हातारपणी स्मृती ढळली का, वह्या जळाल्यावर आठवणीतून सांगू लागला का. बुखारा शहराचे इमाम बुखारी (८१० ते ८७०) 'सहीह' या संग्रहासाठी प्रसिद्ध आहेत. पण त्यांनी रावींच्या चरित्रांचाही एक मोठा कोश केला होता. त्यांचे शिष्य इमाम मुस्लिम यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक वाद घातलाय. साखळीत 'अन' आला तर दोघं समकालीन होते आणि भेटू शकत होते एवढं पुरे, असं मुस्लिम म्हणतात. निदान एकदा भेटल्याचा पुरावा हवाच, ही कडक बाजू बुखारींची मानली जाते. भेट 'शक्य होती' आणि भेट 'झाली' यातला फरक! आमच्या क्षेत्रात एवढ्या बारकाईनं कुणी संदर्भसूची तपासली तर निम्मे लेख परत जातील.

या साखळ्यांत बायका आहेत, हेही मला माहीत नव्हतं. अकराव्या शतकात मक्केत करीमा अल-मर्वझिया नावाच्या विदुषी होत्या. बुखारींच्या 'सहीह'ची त्यांची प्रत नावाजलेली होती. बगदादचे मोठे विद्वान अल-खतीब हजला आले तेव्हा त्यांनी करीमांसमोर हा ग्रंथ वाचला. विद्यार्थ्यानं उतरवून घेतलेली प्रत आपल्या प्रतीशी ताडून पाहावी असा करीमांचा कटाक्ष असे. आजच्या भाषेत, मुद्रितशोधन झाल्याशिवाय परवानगी नाही.

आता प्रश्न येतोच: साखळी चोख असली म्हणजे मजकूर खरा का? नाही. जो वचन बनवू शकतो तो साखळीही बनवू शकतो. हंगेरीचे इग्नाझ गोल्डझिहर यांनी १८९० साली हा संशय जोरात मांडला. १९५० साली जोसेफ शाख्ट यांनी तर म्हटलं की साखळ्या मागच्या मागे वाढत गेल्या, म्हणजे नंतरच्या लोकांनी त्या पैगंबरांपर्यंत पोचवल्या. याला ज्यांनी खणखणीत उत्तर दिलं त्यांच्यातले एक आपल्याकडचे होते. मुहंमद मुस्तफा आझमी, उत्तर प्रदेशातल्या मऊचे. देवबंद, मग कैरोचं अल-अझहर, १९६६ साली केंब्रिजची डॉक्टरेट, आणि पुढे रियाधच्या किंग सौद विद्यापीठात प्राध्यापक. लिखित टिपणं फार लवकर सुरू झाली होती, आणि दूरदूरच्या शहरांतल्या इतक्या माणसांनी मिळून एवढ्या जुळणाऱ्या साखळ्या रचणं शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद. १९८० साली त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. २०१७ साली ते रियाधमध्ये वारले. वाद अजून मिटलेला नाही. पण वाद घालता येतो तो साखळी लिहून ठेवली म्हणूनच. नावंच नसती तर कशावर बोट ठेवणार?

आपण आज वापरतो त्या पद्धतीचं वय त्यामानानं कोवळं आहे. कंसात लेखकाचं नाव आणि वर्ष घालायच्या 'हार्वर्ड' पद्धतीचा उगम हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या लेखात दाखवतात. तो लेख होता एका गोगलगायीच्या अंड्यांवर! पुढे नाना पद्धती झाल्या. आम्हा इंजिनियरांची चौकोनी कंसात आकडे घालणारी, मानसशास्त्रवाल्यांची एपीए. या सगळ्या एक गोष्ट उत्तम सांगतात: वस्तू कुठे ठेवलीय. खंड, अंक, पान. ती तुझ्या हातात कशी आली, हे मात्र बहुतेक वेळा सांगत नाहीत. नाही म्हणायला 'अमक्यात उद्धृत' असं लिहायची सोय आहे. एपीएमध्ये खासगी बोलण्याचा उल्लेख मजकुरात करायचा पण यादीत घालायचा नाही, कारण वाचकाला तो परत पाहता येत नाही. पण 'उद्धृत' लिहायला आपल्याला कमीपणा वाटतो. मूळचं नाव टाकलं की कसं भारदस्त दिसतं!

किती जण असं करतात? २००३ साली लॉस एंजेलिसचे सिमकिन आणि रायचौधरी या दोघांनी एक झकास युक्ती काढली. त्यांनी संदर्भांमधल्या छपाईच्या चुका मोजल्या. एक प्रसिद्ध भौतिकशास्त्रीय लेख सुमारे ४३०० वेळा उद्धृत झाला होता. त्यात १९६ वेळा संदर्भात चूक होती, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पानाच्या आकड्याची एकच चूक ७८ वेळा आली होती. ७८ माणसं स्वतंत्रपणे तोच आकडा चुकतील का? अर्थातच नाही. एकानं चूक केली, बाकीच्यांनी यादीवरून यादी उतरवली. यावरून त्यांचा अंदाज असा की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचणारे सुमारे वीस टक्के. मी एकटा नव्हतो तर! पण त्यानं बरं वाटलं नाही.

आणि मग मला आपलं घर आठवलं. शिवाजी महाराजांची जन्मतारीख. लहानपणी घरात त्यावरून वाद ऐकलेला असतो, पण तो कसा सुटला हे क्वचितच सांगितलं जातं. बखरी बऱ्याचशा मागाहून लिहिलेल्या. त्यांच्यावर विसंबून १६२७ साल पुष्कळ काळ चाललं. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढायला सुरुवात केली, बावीस खंड काढले, आणि बखरीपेक्षा त्या काळचा अस्सल कागद मोलाचा हे महाराष्ट्राला शिकवलं. दारोदार, गावोगाव दप्तरं शोधत फिरले. जाबिर उंटावरून गेले, राजवाडे बरेचदा पायी. पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ साली कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली छापली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. मग तंजावरला मिळालेलं कवींद्र परमानंदांचं 'शिवभारत' १९२७ साली स. म. दिवेकरांनी प्रसिद्ध केलं. त्यातही तीच तिथी. आणि तिकडे जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीतही तीच. मावळातलं देशमुख घराणं, दरबारचा कवी आणि राजस्थानातला ज्योतिषी! तीन स्वतंत्र साखळ्या एका जागी येऊन मिळाल्या. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आज सरकारी जयंतीची आहे ती या जोरावर. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते खरं, पण ती पाच तोंडं एकमेकांचं ऐकून बोलणारी नसावीत.

आपल्या गवयांना हे न शिकवता कळतं. गुरूचं नाव घेताना हात कानाकडे जातो. ही चीज माझी नाही, मला दिलेली आहे, आणि देणारा हा. तोही इस्नादच.

आता विद्यार्थी संदर्भाचं विचारायला आले की मी स्वल्पविरामांचं पत्रक नंतर देतो. आधी त्यांना यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीनं एक अक्षर लिहायला सांगतो: वा, म्हणजे मूळ वाचलं. ऐ, म्हणजे कुणाकडून ऐकलं. सा, म्हणजे दुसऱ्याच्या लेखात सापडलं. पहिल्या दिवशी 'सा' इतके निघतात की मुलं ओशाळतात. मी म्हणतो, ओशाळू नका, फक्त 'सा'ला 'वा' म्हणू नका. आठवडाभरात बरेचसे 'सा' खरोखर 'वा' होतात. आणि त्यात एखाद्याला आपली 'गोड्या पाण्याची' अट सापडतेच.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काहीतरी येतं. कधी शिवरायांच्या तोंडी घातलेलं वाक्य, कधी मीठ-पाण्याचा उपचार. वर लिहिलेलं असतं 'अनेकदा पाठवलेलं'. ही साखळीच आहे, फक्त तिच्यात एकाही माणसाचं नाव नाही. परवा आईनं असाच एक उपचार पाठवला. मी फोन केला आणि विचारलं, "आई, तुला हे कुणी सांगितलं?"

ती म्हणाली, "कुलकर्णी काकूंनी."

"आणि त्यांना?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "थांब, विचारून सांगते."